कागद डिजिटल झाला. पण सापडतो का?

कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी फेरी मारली, तर बहुतेक नातेवाइकांच्या हातात एकच वस्तू दिसते: फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड कोंबलेले असतात. डॉक्टर विचारतात, ‘मागच्या वर्षी क्रिएटिनिन किती होतं?’ मग ती पिशवी टेबलावर उपडी होते. शेवटी कागद सापडतो किंवा ‘घरी राहिला असेल’ असे म्हणून तपासणी पुन्हा लिहून दिली जाते.

गेल्या काही वर्षांत या पिशवीची जागा मोबाइल घेऊ लागला आहे. ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ची घोषणा 15 ऑगस्ट 2020 रोजी झाली आणि 27 सप्टेंबर 2021 पासून ते देशभर लागू झाले. आज 70 कोटींहून अधिक नागरिकांकडे 14 अंकी ‘आभा’ क्रमांक आहे. अनेक रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर निघतो. ही प्रगती खरी आहे. मात्र यशाचे मोजमाप करताना आपण किती क्रमांक दिले आणि किती नोंदी जोडल्या, एवढेच मोजतो. डॉक्टरांना हवी ती नोंद हव्या त्या क्षणी सापडली का, हे फारसे कोणी विचारत नाही. आरोग्याच्या दृष्टीने कळीचा प्रश्न मात्र तोच आहे.

हा प्रश्न तसा जुना आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे 2002 चे नियम आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायला सांगतात आणि मागणी केल्यावर 72 तासांत द्यायला सांगतात. त्याच नियमांत नोंदींच्या संगणकीकरणासाठी प्रयत्न करावेत असेही म्हटले आहे आणि त्याचा हेतूही दिला आहे: नोंद झटपट काढता यावी. म्हणजे संगणक आणायचा तो साठवण्यासाठी नव्हे, शोधण्यासाठी. प्रत्यक्षात आपण साठवण्यापाशीच थांबलो आहोत.

फोटो म्हणजे नोंद नव्हे

नोंद ‘डिजिटल’ असणे म्हणजे काय, यातच मोठी गफलत आहे. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा मोबाइलने फोटो काढून अपलोड केला, की संगणकाच्या हिशेबी ते एक चित्र असते. त्यात ‘पेनिसिलिन’ असे लिहिले आहे की आंब्याच्या झाडाचा फोटो आहे, हे त्याला आपणहून कळत नाही. चित्रातली अक्षरे ओळखणारे ओसीआर तंत्रज्ञान छापील मजकुरावर चांगले चालते. घाईत खरडलेल्या हस्ताक्षरापुढे ते अडखळते.

दुसरी पायरी म्हणजे मजकूर असलेली पीडीएफ. तिच्यात शब्द शोधता येतो. तिसरी आणि खरी उपयोगी पायरी म्हणजे रचनाबद्ध नोंद: तपासणीचे नाव, आकडा, एकक आणि नमुना घेतल्याची तारीख हे सगळे वेगवेगळ्या रकान्यांत असते. अशा नोंदीतूनच ‘या रुग्णाचे क्रिएटिनिन गेल्या तीन वर्षांत कसे वाढत गेले’ हे एका क्षणात दिसू शकते.

डिजिटल मिशनने नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी ‘फायर’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारले आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या साच्यात पीडीएफ जशीच्या तशी जोडण्याचीही मुभा आहे. ही सवलत व्यवहार्य होती. ती दिली नसती तर लहान दवाखाने आत आलेच नसते. तिचा परिणाम असा, की वरून पाकीट नव्या नियमाचे असते आणि आत तोच जुना कागद. मोजणीत दोन्ही नोंदी सारख्याच धरल्या जातात.

शोध: जे सापडले नाही, ते कळत नाही

कागदपत्रे सांभाळणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला तीन कामे नीट जमावी लागतात: शोधणे, गाळणे आणि क्रम लावणे. तिन्ही कामे कारकुनी वाटतात. रुग्णालयात मात्र त्यांतली प्रत्येक चूक रुग्णाच्या अंगाशी येऊ शकते.

आधी शोधाचे पाहू. 1985 मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरॉन या अमेरिकी संशोधकांनी एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका मोठ्या कंपनीच्या खटल्यासाठी सुमारे 40 हजार कागदपत्रे, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास पाने, संगणकात भरलेली होती. वकिलांना वाटत होते, की आपल्याला लागणाऱ्या कागदांपैकी किमान 75 टक्के आपण शोधून काढतो आहोत. प्रत्यक्षात ते प्रमाण सरासरी 20 टक्के निघाले. कारण साधे होते. वकील ‘अपघात’ हा शब्द टाकत होते, तर कंपनीच्या माणसांनी तोच प्रकार ‘घटना’, ‘परिस्थिती’, ‘अडचण’ अशा सौम्य शब्दांत लिहिला होता. यातली धोक्याची बाब अशी, की समोर आलेले कागद बहुतांशी बरोबर होते. त्यामुळे काही सुटते आहे, अशी शंकाच कोणाला आली नाही.

वैद्यकीय नोंदींत हा धोका अधिक आहे. एकच आजार ‘डायबिटीस’, ‘डीएम’, ‘टी-टू-डीएम’, ‘मधुमेह’ किंवा नुसते ‘शुगर’ असा लिहिला जातो. उलट एकाच लघुरूपाचे अनेक अर्थ असतात: ‘एमएस’ म्हणजे हृदयाची झडप अरुंद होणे, मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार किंवा मॉर्फिन सल्फेट हे औषधही. त्यात नकाराची भर पडते. ‘मधुमेह नाही’ असे लिहिलेली चिठ्ठीही ‘मधुमेह’ शोधल्यावर समोर येते. हा घोळ सोडवण्यासाठी 2001 मध्ये ‘नेगएक्स’ ही पद्धत मांडली गेली. ‘नाही’, ‘आढळले नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ओळखून ती त्यांच्या आसपासचा आजार वगळते. रुग्णालयाच्या शोधयंत्रात निदान एवढी सोय तरी हवी.

यावरचा पक्का उपाय म्हणजे प्रत्येक संकल्पनेला एक ठरलेला क्रमांक देणे. ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय संग्रहात साडेतीन लाखांहून अधिक वैद्यकीय संकल्पना अशा क्रमांकांनी बांधल्या आहेत. प्रयोगशाळेतील तपासण्यांसाठी ‘लॉइंक’ आहे. तिथे रक्तातील एचबीएवनसी या तपासणीला 4548-4 हा क्रमांक आहे. लॅबने तिला अहवालात काहीही नाव दिले तरी क्रमांक तोच राहतो. भारत 2014 मध्ये स्नोमेडचा सदस्य झाला, त्यामुळे आपल्याकडे ते विनाशुल्क वापरता येते. या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यात ‘सी-डॅक’मध्ये आहे. साधन आपल्या अंगणात आहे. ते डॉक्टरांच्या रोजच्या पडद्यापर्यंत किती पोहोचले, हा खरा प्रश्न आहे.

‘ॲलर्जी’ तीन प्रकारची

मराठीत नोंद करायची म्हटले, की आणखी एक अडचण येते आणि तिच्याबद्दल क्वचितच बोलले जाते. ‘ॲलर्जी’ या शब्दाचे पहिले अक्षर संगणकावर तीन तऱ्हांनी टाइप होते. युनिकोडमध्ये त्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे, काही जण ‘अ’ला वरचा चंद्र जोडतात, काही कीबोर्ड या दोहोंच्या मध्ये न दिसणारे जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर तिन्ही शब्द जवळपास सारखे दिसतात. संगणकाला ते तीन वेगळे शब्द वाटतात. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ यांतल्या ‘ऱ्य’चेही असेच आहे. शोधाआधी ही रूपे एकसारखी करून घेणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर परिचारिकेने इमानेइतबारे नोंदवलेली पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदीत असूनही सापडणार नाही. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुराची गत तर याहून वाईट. तो फाँट काढला की उरतात निरर्थक चिन्हे.

नावांचा गोंधळ आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. ‘श्रीकांत’ हे नाव इंग्रजीत ‘एस’पुढे ‘एच’ घेऊन वा न घेता आणि एक ‘आय’ किंवा दोन ‘ई’ वापरून चार प्रकारे लिहिता येते. उच्चारावरून नावे जुळवणाऱ्या ‘साउंडेक्स’ पद्धतीचे पेटंट अमेरिकेत 1918 मध्ये दिले गेले आणि ती पद्धत अजूनही अनेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती नावाचे पहिले अक्षर मात्र तसेच ठेवते. त्यामुळे ‘वाघ’ आणि ‘वाणी’ ही आडनावे एकदा ‘व्ही’ने आणि एकदा ‘डब्ल्यू’ने लिहिली, की जुळणी फसते. शिवाय आपल्याकडे आडनाव कधी आधी येते, कधी शेवटी. लग्नानंतर अनेक स्त्रियांचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. जन्मतारखेऐवजी अंदाजे वय लिहिलेले असते. मग एकाच बाईची माहेरच्या नावाची प्रसूतिपूर्व तपासणीची नोंद एकीकडे राहते आणि सासरच्या नावाचा केसपेपर दुसरीकडे. रक्तदाब आधीपासून वाढत होता की आजच वाढला, हे डॉक्टरांना दिसतच नाही. ‘आभा’ क्रमांकाचा सर्वांत मोठा फायदा इथेच होऊ शकतो, पण तो प्रत्येक भेटीत नोंदवला गेला तरच.

गाळणी: झाकलेले दिसेनासे होते

गाळणीचे काम नको ते बाजूला सारण्याचे. ‘फक्त गेल्या सहा महिन्यांचे अहवाल’, ‘फक्त हृदयरोग विभाग’ असे निवडले की यादी आटोपशीर होते. डॉक्टरांना याची नितांत गरज असते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार, जगाची सुमारे निम्मी लोकसंख्या असलेल्या 18 देशांत प्राथमिक सेवेतील डॉक्टर रुग्णाला पाच मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ देऊ शकतात आणि भारत त्यांपैकीच आहे. त्या वेळेत दोनशे पाने चाळणे अशक्य आहे.

मात्र गाळणीचे दोन धोके आहेत. पहिला रिकाम्या रकान्याचा. नोंद करताना विभागाचे नाव भरायचे राहिले, तर ती नोंद कोणत्याही विभागाच्या यादीत येत नाही. ती पुसली जात नाही. फक्त कोणाला दिसत नाही. दुसरा धोका विसराळूपणाचा. काल लावलेली गाळणी आज तशीच राहते आणि समोरची अर्धी यादी पूर्ण समजून निर्णय घेतला जातो. म्हणून ‘240 पैकी 12 नोंदी दाखवल्या आहेत’ असे ठळक दिसणे आणि ‘विभाग नमूद नाही’ हा पर्याय स्वतंत्र असणे, या सुरक्षेच्या गरजा आहेत.

माहिती गुपचूप गळाली तर काय होते, हे इंग्लंडने करोनाकाळात अनुभवले. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर 2020 या काळातील 15,841 बाधितांच्या नोंदी राष्ट्रीय आकडेवारीत आल्याच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती आणि तिची मर्यादा 65,536 ओळींची होती. त्यापुढचे सारे कापले गेले. बाधितांना स्वतःचे अहवाल मिळाले होते. पण त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध काही दिवस लांबला. साथीत तेवढे दिवस फार असतात.

क्रमवारी: कोणती तारीख?

क्रम लावणे हे सर्वांत सोपे काम वाटते. पण कशाचा क्रम? बहुतेक ॲपमध्ये सर्वांत वर दिसतो तो शेवटी अपलोड केलेला कागद. समजा, मुलाने रविवारी बसून वडिलांचे दहा वर्षांचे अहवाल वाटेल त्या क्रमाने स्कॅन केले. मग 2016 चा अहवाल कालच्या अहवालाच्या वर येऊ शकतो. डॉक्टरांना हवी असते ती नमुना घेतल्याची तारीख. अपलोड, छपाई आणि नमुना या तीन तारखा वेगळ्या नोंदवल्या गेल्या नाहीत, तर ‘ताजा अहवाल’ या शब्दाला अर्थच उरत नाही. त्यात 03/04/2024 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल आणि अमेरिकी मांडणीत 4 मार्च.

आकड्यांचेही तेच. संगणकाने आकडा अक्षरांसारखा वाचला तर 100 हा 20 च्या आधी लागतो. रक्तातील साखर आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. आपले 100 म्हणजे तिकडचे साधारण 5.6. मुलाकडे लंडनला राहून आलेल्या आजोबांचे दोन्हीकडचे अहवाल एकाच यादीत आले आणि एककाचा रकाना नसला, तर आलेख पाहून कोणीही दचकेल.

यादीतल्या शेजाऱ्यांचाही घोळ होतो. नावाप्रमाणे क्रम लावला की सारखी नावे एकाखाली एक येतात आणि चुकीच्या ओळीवर बोट पडते. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर मेडिकल सेंटरमधील 2013 च्या एका अभ्यासात, औषध किंवा तपासणीची ऑर्डर देण्यापूर्वी रुग्णाची ओळख पुन्हा टाइप करायला लावल्यावर चुकीच्या रुग्णाला ऑर्डर जाण्याचे प्रमाण 41 टक्क्यांनी घटले. नुसते ‘बरोबर आहे ना?’ असे विचारून एक क्लिक घेतल्याने घट झाली ती 16 टक्के. एवढ्याशा बदलाने इतका फरक पडतो.

शोधाला कुलूपही हवे

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जे डॉक्टरांना झटपट सापडते, ते कुतूहल असलेल्या शेजाऱ्यालाही सापडू शकते. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात अशा नोंदी उघड झाल्या तर माणसाचे घर आणि नोकरी दोन्ही धोक्यात येतात. एचआयव्हीबाबतचा 2017 चा कायदा आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा 2023 चा कायदा याचसाठी आहेत. म्हणून शोधाचे निकाल परवानगीप्रमाणे बदलले पाहिजेत. ज्याला नोंद पाहण्याचा अधिकार नाही, त्याला ती ‘आहे’ हेही दिसता कामा नये, कारण ‘मनोविकार विभाग: 3 नोंदी, पाहण्यास मनाई’ एवढ्यानेही गुपित फुटते. कोणी, कधी, काय शोधले याची नोंद राहायला हवी. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला पुन्हा कागद-पेन हाती घ्यावे लागले होते. सगळी माहिती एका ठिकाणी शोधता येण्याची किंमत म्हणजे तिच्या रक्षणाची वाढलेली जबाबदारी.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता सगळ्या फाइल वाचून सारांश देईल, मग हे सारे कशाला, असे म्हटले जाते. अशी साधने उपयोगी आहेत. पण सारांश बनतो तो सापडलेल्या कागदांवरून. ॲलर्जीची नोंद शोधातच सुटली, तर सुबक भाषेतल्या सारांशातही ती नसेल; उलट तो वाचून डॉक्टर अधिक निश्चिंत होतील. वकिलांचे 1985 मध्ये झाले ते तसेच घडेल.

मागायचे काय?

रुग्णालये सॉफ्टवेअर घेताना निविदेत ‘शोध, गाळणी व क्रमवारीची सुविधा’ अशी एक ओळ असते आणि पुरवठादार तिच्यापुढे ‘आहे’ अशी खूण करतो. ती ओळ पुरेशी नाही. चाचणी अशी हवी: खऱ्यासारख्या हजार नोंदी भरून द्या, त्यांत पन्नास ॲलर्जीच्या नोंदी वेगवेगळ्या शब्दांत, लिप्यांत आणि स्पेलिंगमध्ये पेरा आणि किती सापडतात ते मोजा. सुटलेल्या नोंदींची संख्या पाहून खरेदी ठरवा. डिजिटल मिशननेही जोडलेल्या एकूण नोंदींसोबत त्यांपैकी रचनाबद्ध किती, हा आकडा जाहीर करावा. मोजले जाते, त्याकडेच यंत्रणा लक्ष देते.

वाचकांना आजपासून करता येण्याजोग्या गोष्टीही आहेत. लॅबकडून छापील कागदाचा फोटो घेण्याऐवजी मूळ पीडीएफ मागा; तिच्यातला मजकूर शोधता येतो. फाइलला नाव देताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवा, उदाहरणार्थ ‘2024-04-03 क्रिएटिनिन वडील’. मग कोणत्याही फोनमध्ये नावानुसार लावलेला क्रम आपोआप तारखेनुसार लागतो. ॲलर्जी, चालू औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया आणि रक्तगट यांचे एक पान वेगळे करा आणि दर सहा महिन्यांनी ते तपासा. प्रत्येक ठिकाणी तेच नाव, तीच जन्मतारीख आणि तोच ‘आभा’ क्रमांक द्या. डिस्चार्ज घेताना नोंदींची प्रत मागायला संकोचू नका; तो तुमचा हक्क आहे.

प्लॅस्टिकच्या पिशवीची एक गोष्ट मात्र बरी होती. ती फुगली की गोंधळ डोळ्यांना दिसत असे. फोनमधला गोंधळ दिसत नाही, म्हणून तो नाही असे वाटते. रात्री दोन वाजता अपघात विभागात, रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसताना, डॉक्टर ‘ॲलर्जी’ हा शब्द टाइप करतील, तेव्हा आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या डिजिटल होण्याची खरी परीक्षा असेल. त्या वेळी पडद्यावर ‘काही आढळले नाही’ असे आले, तर त्याचा अर्थ खरोखर ‘ॲलर्जी नाही’ असाच असेल, याची खात्री आज आपल्याला देता येत नाही. ती देता येईल अशी व्यवस्था मागणे, हे रुग्ण म्हणून आपले काम आहे.